अल्बानियाची लष्करी पदकं आणि मानचिन्हं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतके देश असताना अल्बानियाच का?

सोव्हिएत किंवा जर्मन पदकांचा पसारा एवढा आहे की आयुष्य गेलं तरी संपत नाही, आणि त्यात नकली मालही तेवढाच. अल्बानियाचा विषय आवाक्यातला आहे. देश छोटा. 28 नोव्हेंबर 1912 ला व्लोरा शहरात इस्माईल केमालींनी स्वातंत्र्य जाहीर केलं. तिथपासून आजपर्यंत जर्मन राजपुत्र, देशी राजा, इटलीचा राजा, कम्युनिस्ट आणि लोकशाही सरकारं अशा सगळ्यांनी आपापली पदकं काढली. शिवाय कम्युनिस्ट काळात या देशाने एकामागून एक पाठीराखे सोडले. 1948 मध्ये युगोस्लाव्हियाशी बिनसलं, 1961 मध्ये सोव्हिएत संघाशी आणि 1978 मध्ये चीनशी. प्रत्येक भांडणाची खूण पदकांवर आणि त्यांच्या कागदांवर उमटली आहे. ती वाचता आली की संग्रह आपोआप लागत जातो.

'अल्बानियन पदक' म्हणून जे विकतात ते नक्की कुठल्या राजवटीचं, हे कसं ठरवायचं?

पहिला पेच इथेच पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिला टप्पा 1914 चा. वीडचा राजपुत्र विल्हेल्म 7 मार्च 1914 ला दुर्रस बंदरात उतरला आणि 3 सप्टेंबरला देश सोडून गेला. सहा महिन्यांचं राज्य, पण तेवढ्यात त्याने काळ्या गरुडाची ऑर्डर (पदकाहून वरच्या दर्जाचं मानचिन्ह) स्थापन केली. एवढ्या थोड्या दिवसांत अस्सल नग किती वाटले गेले असतील, याचा अंदाज तुम्हीच करा. कोणी तुम्हाला ही ऑर्डर स्वस्तात देऊ करत असेल तर हात जोडून निरोप घ्या.

दुसरा टप्पा अहमद झोगूचा. 1925 पासून राष्ट्राध्यक्ष, 1 सप्टेंबर 1928 पासून राजा झोग पहिला. स्कांडरबेगची ऑर्डर आणि 'बेसा' म्हणजे दिल्या शब्दाला जागण्याची ऑर्डर ही त्याच्या काळातली मुख्य मानचिन्हं. अक्षरं वाचता आली तर एक खूण हाताशी ठेवा. झोगच्या काळच्या मजकुरात उत्तरेकडच्या बोलीची रूपं दिसतात, म्हणजे देशाचं नाव 'श्चिप्नी' या वळणाने येतं. कम्युनिस्ट काळात दक्षिणेकडचं 'श्चिपरी' हे रूप आलं. 'न'च्या जागी 'र' दिसला की राजाचा काळ बहुधा मागे पडलेला असतो.

तिसरा टप्पा इटलीचा. 7 एप्रिल 1939 ला मुसोलिनीचं सैन्य उतरलं, झोग पळाला आणि इटलीचा राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा अल्बानियाचाही राजा झाला. त्याने स्कांडरबेगची ऑर्डर आपल्या पद्धतीने नव्याने काढली. त्या काळच्या राज्यचिन्हात दुतोंडी गरुडाच्या दोन बाजूंना फॅसिस्टांचे कुऱ्हाड बांधलेले काठ्यांचे जुडगे आहेत. पदकावर ते जुडगे दिसले की विक्रेता कितीही 'राजा झोगचं आहे' म्हणाला तरी ऐकू नका.

चौथा टप्पा कम्युनिस्टांचा, म्हणजे 1944 च्या अखेरीपासून 1991-92 पर्यंत. बाजारात येणारा बहुतेक माल याच काळातला. पाचवा आजच्या प्रजासत्ताकाचा.

यात न मोडणाऱ्या दोन गोष्टी. एक, इटलीने आपल्या सैनिकांना दिलेलं अल्बानिया मोहिमेचं स्मृतिपदक. त्यावर देशाचं नाव असलं तरी ते इटालियन पदक आहे. दोन, कोसोव्होची पदकं. गरुड तोच, भाषा तीच, पण देश वेगळा. कोसोव्होचा वेगळा ट्रे करा.

पदकावर साल नाही. कम्युनिस्ट काळातलं नेमकं केव्हाचं हे कळतं का?

नुसत्या पदकावरून थोडंफार कळतं. सोबत पदकाची पुस्तिका (ते कोणाला दिलं याची नोंद असलेली) किंवा सनद असेल तर बरंच.

आधी देशाचं नाव पाहा. 11 जानेवारी 1946 पासून देश 'जनता प्रजासत्ताक' होता. 28 डिसेंबर 1976 च्या राज्यघटनेने त्यात 'समाजवादी' हा शब्द घातला. त्यामुळे आद्याक्षरांत एक जादा 'एस' आला. अल्बानियन लिपीत 'श' साठी एस आणि एच मिळून एकच अक्षर लिहितात. म्हणून जुन्या कागदावर आर, पी, श अशी आद्याक्षरं, तर नव्यावर आर, पी, एस, श. पुस्तिकेवर जादा 'एस' असेल आणि आत तारीख 1962 ची असेल, तर ती पुस्तिका नंतर बदलून दिलेली किंवा बनावट आहे.

मग सही पाहा. पदकं जनसभेच्या, म्हणजे संसदेच्या, प्रेसिडियम नावाच्या वरिष्ठ मंडळाच्या हुकमाने दिली जायची आणि खाली अध्यक्षाचं नाव असायचं. 1953 पर्यंत ओमेर निशानी, 1953 ते 1982 हाजी लेशी आणि त्यानंतर रामिझ आलिया. ही तीन नावं पाठ करा. हाजी लेशीचा कार्यकाळ जवळजवळ तीस वर्षांचा असल्याने त्याची सही सगळ्यात जास्त वेळा दिसेल.

राज्यचिन्हात गरुडाच्या वरचा पाचकोनी तारा आणि खालच्या फितीवर '24 मे 1944' ही तारीख असेल तर ते कम्युनिस्ट काळाचं चिन्ह. ती तारीख पेर्मेत गावी भरलेल्या कम्युनिस्टप्रणीत काँग्रेसची, म्हणजे अधिवेशनाची आहे, देशाच्या मुक्तीची नाही. विक्रेते हमखास घोळ घालतात आणि पदकाला 'मे 1944 मध्ये दिलेलं' म्हणून खपवतात.

आणखी एक खूण मला फार उपयोगी वाटते. 1966 मध्ये कम्युनिस्ट हुकूमशहा एन्वर होजाच्या सरकारने लष्करातले हुद्दे रद्द केले. मेजर नाही, कर्नल नाही, खांद्यावरच्या पट्ट्याही गेल्या. ते परत आले 1991 मध्ये. म्हणून 1970 च्या दशकातला म्हणून दाखवलेला फोटो नीट न्याहाळा. अधिकाऱ्याच्या छातीवर पदकं आणि खांद्यावर हुद्द्याचे तारे दोन्ही असतील तर फोटोचं साल चुकलं आहे किंवा गोष्ट रचलेली आहे.

ही पदकं बनवली कुठे?

सुरुवातीची युगोस्लाव्हियात. तिथला नेता टिटो याच्याशी फाटल्यावर सोव्हिएत टांकसाळीकडे काम गेलं. पुढे मॉस्कोशीही तुटलं आणि देशातच बनवायला लागले. हातात घेतल्यावर फरक जाणवतो. सोव्हिएत बनावटीच्या नगांचा मीना दाट, कडा स्वच्छ, मागचा स्क्रू घट्ट बसणारा. नंतरच्या देशी नगांत धातू हलका लागतो, मुलामा पातळ, आणि मीन्याच्या जागी कधी कधी चक्क रंग. नवखे संग्राहक या देशी नगाला नकली समजून टाकून देतात. तो अस्सलच असतो, फक्त गरीब काळातला असतो.

'पार्टिझन स्टार' मिळाला, पण विक्रेता म्हणतो युगोस्लाव्ह. कोणाचा खरा?

दोन्ही देशांनी त्याच नावाची ऑर्डर काढली होती. युगोस्लाव्हियाची 1943 ची आणि अल्बानियाची त्यानंतरची, दोन्ही तीन वर्गांच्या. नावावर जाऊ नका, अक्षरांवर आणि गरुडावर जा. खात्री होईपर्यंत पैसे देऊ नका.

नवख्याने कुठल्या पदकापासून सुरुवात करावी?

शौर्यपदक आणि स्मृतिपदक. दोन्ही दुसऱ्या महायुद्धातल्या मुक्तिसंग्रामातल्या पार्टिझनांना, म्हणजे गनिमी सैनिकांना, मोठ्या प्रमाणावर दिली गेली, त्यामुळे मिळतात आणि परवडतात. त्यानंतर स्वातंत्र्याची ऑर्डर, पार्टिझन स्टारचा तिसरा वर्ग, मग स्कांडरबेगची ऑर्डर. ही तीन वर्गांत आहे आणि तिच्यावर जेर्ज कास्त्रिओती ऊर्फ स्कांडरबेगची प्रतिमा असते. पंधराव्या शतकात तुर्कांशी झुंजलेला हा सरदार 1468 मध्ये वारला, पण राजा, फॅसिस्ट, कम्युनिस्ट आणि आजचं सरकार अशा सगळ्यांना पदकावर तोच हवा होता. बोकडाचं डोकं लावलेलं त्याचं म्हणून दाखवतात ते शिरस्त्राण मात्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे.

'जनतेचा वीर' हा सर्वोच्च किताब. अनेकांना तो मरणोत्तर मिळाला. 5 मे 1942 ला तिरानात मारला गेलेला केमाल स्ताफा आणि त्याच वर्षी रणगाड्यावर चढून मेलेला वोयो कुशी ही त्यातली शाळकरी पोरांनाही ठाऊक असलेली नावं. हे चिन्ह पहिल्या वर्षी घ्यायला जाऊ नये, एवढंच म्हणेन.

खिसा लहान असेल तर तरुणांच्या श्रमदानाचे बिल्ले घ्या. 1947 पासून रेल्वेमार्ग बांधायला पोरांच्या टोळ्या जायच्या, त्यांचे बिल्ले निघाले. लष्करी नाहीत, पण त्या काळाचा वास त्यांना जास्त आहे.

मागे क्रमांक आहे. त्यावरून ज्याला पदक मिळालं तो माणूस सापडेल का?

पहिल्या महायुद्धातली ब्रिटिश पदकं ज्यांनी हाताळली आहेत त्यांना सवय लागलेली असते : कडेवर नंबर, नाव, '117 मराठा' असं सगळं कोरलेलं. अल्बानियात तसं नाही. ऑर्डरच्या मागे क्रमांक असतो, नाव नसतं. क्रमांक आणि नाव एकत्र येतात ते पुस्तिकेत. म्हणून पुस्तिकेसकटचं साधं शौर्यपदक मी पुस्तिका नसलेल्या वरच्या वर्गाच्या ऑर्डरपेक्षा मोलाचं धरतो. बाजारभाव उलट सांगेल, सांगू दे.

पुस्तिका असेल तर पुढचा रस्ता असा. तिरानातल्या केंद्रीय राज्य अभिलेखागारात प्रेसिडियमचे कागद आहेत आणि लष्कराचं स्वतंत्र अभिलेखागार आहे. पत्र लिहिताना हुकमाचा क्रमांक आणि तारीख आधी द्या, माणसाचं नाव मग. त्यांची मांडणी हुकमांनुसार आहे. त्या काळचं पक्षाचं मुखपत्र 'झरी इ पोपुल्लित' हेही धुंडाळण्यासारखं, मोठ्या सन्मानांच्या बातम्या त्यात यायच्या. आणि माणूस पुढे गुप्त पोलिसांच्या नजरेत आला असेल तर 'सिगुरिमी'च्या फायली सांभाळणारं वेगळं प्राधिकरण आहे, 2015 च्या कायद्याने स्थापन झालेलं. तिथे मात्र परक्या संग्राहकाला सरसकट दार उघडं नाही. कुटुंबातली व्यक्ती किंवा मान्य अभ्यासक असावं लागतं.

अल्बानियन येत नाही. पुस्तिका वाचायची कशी?

वाटते तेवढी अवघड नाही, कारण रकाने ठरलेले आहेत. 'एम्री' म्हणजे नाव, 'अतसिया' म्हणजे वडिलांचं नाव, 'म्बिएम्री' म्हणजे आडनाव. नाव, वडील, आडनाव हा क्रम आपल्या रेशनकार्डासारखाच, त्यामुळे मराठी डोळ्याला चटकन लागतो. इंग्रज आणि अमेरिकन संग्राहक वडिलांचं नाव 'मधलं नाव' समजून भलत्याच माणसाचा शोध घेत बसतात. 'देक्रेत' म्हणजे हुकूम, 'क्र्येतारी' म्हणजे अध्यक्ष. 'पास व्देक्येस' दिसलं तर ते मरणोत्तर, आणि 'देश्मोर' म्हणजे हुतात्मा. जन्मगावाच्या रकान्यावर वेळ घालवा. मुक्तिसंग्रामाच्या ब्रिगेडी जिल्ह्याजिल्ह्यातून उभ्या राहिल्या होत्या, त्यामुळे गाव कळलं की ब्रिगेडचा अंदाज बांधता येतो.

मोबाइलवरचं भाषांतर छापील मजकुरावर बरं चालतं. हाताने भरलेल्या नावांवर विसंबू नका. शाईचं 'n' आणि 'u' त्याला वेगळं कळत नाही.

माझ्या पुस्तिकेत नावावर काट मारली आहे, फोटो खरडला आहे. खराब नग समजायचा का?

थांबा, विकू नका. होजाच्या राजवटीत आजचा वीर उद्याचा देशद्रोही ठरायचा. गृहमंत्री राहिलेल्या कोची जोजेला 1949 मध्ये देहदंड झाला. संरक्षणमंत्री बेचिर बाल्लुकु 1974 मध्ये पदावरून उतरवला गेला आणि पुढच्या वर्षी दोन सेनाधिकाऱ्यांसह गोळी घालून मारला गेला. पंतप्रधान मेहमेत शेहू डिसेंबर 1981 मध्ये मेला, आत्महत्या असं जाहीर झालं, आणि नंतर त्याला परक्यांचा हेर ठरवलं. पार्टिझन युद्धाचे हे सगळे मोठे लोक. त्यांच्याबरोबर त्यांचे हाताखालचे, नातेवाईक, मित्र असे कितीतरी गेले. सन्मान काढून घेतले गेले, फोटोंतून माणसं खरवडली गेली, कुटुंबं दूरच्या गावांत धाडली गेली. काही घरांनी पदकं निमूट परत दिली, काहींनी पुरून ठेवली.

तेव्हा काट मारलेलं नाव म्हणजे कोणीतरी भीतीपोटी किंवा हुकमाने केलेलं काम असू शकतं. अर्थात एखाद्या विक्रेत्याने गोष्ट रंगवायला हल्लीच ओढलेली रेघही असू शकते. भिंगाखाली बघा. जुनी शाई कागदात उतरून कडांना तपकिरी झालेली असते. नवी बॉलपेनची रेघ वर तरंगते आणि मागच्या पानावर खाच पाडते.

अशा नगाचा शोध घेताना एक पथ्य पाळा. त्या घरातली माणसं आज हयात असतात. नाव सापडलं म्हणून ते सोशल मीडियावर फोटोसकट टाकण्याआधी विचार करा.

एवढी पदकं बाहेर आली कशी?

दोन लाटांत. 1991 नंतर पगार आणि पेन्शन कोसळली तेव्हा म्हाताऱ्यांनी स्वतःच विकली. मग 1997 मध्ये झटपट दामदुप्पट योजना बुडाल्या, लोक रस्त्यावर उतरले आणि लष्कराची कोठारं लुटली गेली. बातम्यांत दिसल्या त्या बंदुका. त्याच गोंधळात गणवेश, बिल्ले, कागदपत्रं यांचीही वाट लागली. म्हणून कधीही न वाटलेलं, कोरं करकरीत पदक दिसलं तरी दचकू नका.

नकली कसं ओळखायचं?

वजनकाटा, कॅलिपर आणि दहापट भिंग, एवढं पुरतं. साच्यात ओतलेली नक्कल मूळ नगापेक्षा किंचित लहान भरते, कारण धातू थिजताना आकसतो. अस्सल नग ठशाने पाडलेला असतो, त्यामुळे गरुडाची पिसं तुटक आणि धारदार दिसतात. ओतीव नगावर ती साबण वितळल्यासारखी बोथट आणि मधे बारीक खड्डे. क्रमांकही पाहा. हाताने ठोकलेले अंक ओळीत थोडे वरखाली असतात आणि खाचेच्या कडेला धातू उचललेला असतो. लेसरने कोरलेले अंक फार शहाण्यासारखे सरळ उभे राहतात.

'एसएस स्कांडरबेग' डिव्हिजनचा माल अजिबात घेऊ नका. नाझींनी उभारलेली ही डिव्हिजन 1944 मध्ये होती हे खरं, पण तिच्या नावाच्या बाहीवरच्या पट्ट्या आणि टोप्या यांच्या नकलांचा उद्योगच चालतो. तज्ज्ञही फसतात.

झोगचं घराणं परागंदा झाल्यावरही आपल्या ऑर्डरी देत राहिलं. त्या नंतरच्या नगांना नकली म्हणता येत नाही, पण 1930 च्या दशकातल्या म्हणून त्यांचे पैसे मोजायचे नसतात.

भारतात बसून घ्यायचं कुठून? कायद्याची काही अडचण?

मुंबईचा चोर बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार इथे अल्बानियन माल मला तरी दिसलेला नाही. युरोपातले लिलाव आणि ऑनलाइन विक्रेते हाच मार्ग. प्रत्यक्ष अल्बानियात गेलात तर क्रुया शहराचा जुना बाजार आहे, किल्ल्याच्या पायथ्याशी, लाकडी दुकानांची उतरती गल्ली. तिथे घासाघीस चालते आणि करायचीच असते. पण सगळ्यात चकचकीत नग सगळ्यात पुढे मांडलेला असतो, त्याच्यावर लुब्ध होऊ नका. मागे डब्यात काय आहे ते विचारा.

अल्बानियात सांस्कृतिक वारशाचा 2018 चा कायदा आहे. जुनी आणि महत्त्वाची वस्तू बाहेर न्यायला परवाना लागतो, म्हणून विक्रेत्याकडून पावती घ्या. आपल्याकडे कस्टम्सला खरी किंमत सांगा. 'गिफ्ट' लिहून वाचवलेले चार पैसे पार्सल अडकलं की महागात पडतात. आणि 1972 चा पुरावस्तू कायदा विसरू नका. ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांवरची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. 1914 चं पदक आता त्या वयात आलंय. इथे आणलंत की पुन्हा परदेशी लिलावात विकणं सोपं राहत नाही.

साफ करू का?

नको. पितांबरी तर मुळीच नको. घरात कोणी हौसेने घासून लख्ख केलं की मुलामा गेला आणि किंमतही. मऊ कोरडा ब्रश, बस्स. मीन्याला तडा असेल तर पाणी लावूच नका, आत शिरून गंज फुगतो.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्याचं वेगळं बघावं लागतं. सिलिका जेलच्या पुड्या टाकलेला घट्ट डबा, आणि पीव्हीसीची मऊ पाकिटं बाद. त्यांतून सुटणाऱ्या वाफेने तांबं हिरवं पडतं. पुस्तिका पदकापासून वेगळ्या ठेवा, नाहीतर स्क्रूचा गोल डाग पानांवर कायमचा उमटतो.

प्रत्यक्ष बघायला कुठे जावं?

जिरोकास्तरच्या किल्ल्यात 1971 साली उघडलेलं शस्त्रास्त्रांचं संग्रहालय आहे. क्रुयाचं स्कांडरबेग संग्रहालय 1982 चं, होजाची मुलगी आणि जावई यांनी आखलेलं. इमारत अंमळ भपकेबाज आहे. तिरानात बंकरमधलं 'बंकआर्ट' बघा, पदकांसाठी कमी आणि ती वाटणाऱ्या राजवटीचा अंदाज यावा म्हणून जास्त. राष्ट्रीय इतिहास संग्रहालय चालू आहे की दुरुस्तीसाठी बंद, हे निघण्यापूर्वी तपासा.

मदर तेरेसांना अल्बानियाचा सन्मान मिळाला होता ना? तो या संग्रहात बसतो का?

मिळाला होता, त्या मूळच्या अल्बानियन, जन्म स्कोप्येचा. पण ते नागरी सन्मान. लष्करी संग्रहात त्यांची जागा नाही.

आपल्या मराठा पलटणीच्या एखाद्या जवानाकडे अल्बानियन पदक असू शकतं का?

हा प्रश्न साताऱ्या-कोल्हापूरकडून येतो, कारण आजोबा 'तिकडे' लढलेले असतात. मराठा लाइट इन्फन्ट्री लढली ती इटलीत, अल्बानियापासून ॲड्रियाटिक समुद्राच्या पलीकडच्या काठावर. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांचे व्हिक्टोरिया क्रॉस तिथलेच, 1944 आणि 1945 चे. घरच्या पेटीत पाचऐवजी सहा टोकांचा तांब्याच्या रंगाचा तारा असेल तर तो बहुधा इटली स्टार आहे. मधे राजाच्या नावाची अक्षरं आणि भोवती 'द इटली स्टार' हे शब्द दिसतील. तो अल्बानियाचा समजून विकायला काढू नका. आजोबांचं सर्व्हिस बुक सापडलं तर त्याच्याच पिशवीत ठेवा.